जॉबरचे पाय

सतरा जानेवारी. हवा कोरडी, वारा उत्तरेकडून, ऊन मऊ. समोरच्या टॉवरच्या दुसऱ्या विंगच्या कामाची धूळ सकाळपासून गॅलरीच्या कठड्यावर बसलेली. अशा हवेत माणसाच्या टाचा फुटतात आणि कोंबड्याचे खवले उचलतात.

एक कोंबडा पाळून बघा. वर्षभरात तुमच्याकडे इतके किस्से जमतील की कुत्रा पाळणारे तुमच्यापुढे गप्प बसतील. कुत्र्याबद्दल लोक विचारतात, ‘चावतो का?’ मांजराबद्दल विचारतात, ‘नाव काय?’ आणि कोंबड्याबद्दल विचारतात, ‘कधी कापणार?’

या एकाच प्रश्नाला मी आजवर जी उत्तरं दिली, तीच हे किस्से समजा. रोज रात्री जेवणाआधी दोन ओळी लिहायची मला सवय आहे: हवा कशी होती, पाणी किती वाजता गेलं, जॉबरचा पाय कसा आहे. आज मात्र दोन ओळींत भागणार नाही. आज गावचे दाजीकाका आले होते. कोंबडा घेऊन जायला.

ते शेवटी सांगते. आधीचं माहीत नसेल तर आजचं काही कळायचं नाही.

* * *

आधी जॉबर आमच्याकडे आला कसा ते.

लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, मी आणि आई राहतो. बाबा होते तेव्हा तिघं होतो. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तरी बाबा पहाटे उठायचे ते उठायचेच. मग एक दिवस त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि डावा पाय गेला.

आईने गावच्या राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, नवस बोलला. ‘ह्यांका पायावर उभो कर, तुका माझ्या हातचो कोंबडो देतंय!’

हातचा, म्हणजे विकतचा नाही. लहानपणापासून स्वतः वाढवलेला. म्हणून गावाहून एक पिल्लू आलं, खोक्यात भोकं पाडून. मे महिन्यात गावी न्यायचं आणि द्यायचं, असं ठरलं.

इकडे बाबा कठडा धरून गॅलरीत चालायला लागले. पिल्लू त्यांच्या मागे. बाबा थांबले की पिल्लू थांबायचं, बाबा वळले की तेही वळायचं. मे महिना आला तेव्हा बाबा म्हणाले, ‘पुढच्या मे महिन्यात नेऊ.’ पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच!

नावही बाबांनीच ठेवलं. गिरणीत खात्यावर माणसं लावणारा, त्यांच्यावर ओरडणारा तो जॉबर. बाबा म्हणाले, ‘हाही पहाटे सगळ्यांना उठवतो आणि स्वतः दिवसभर काही करत नाही. जॉबरच आहे!’

मग बाबा गेले. झोपेतच, दुसऱ्या झटक्याने. आई त्यावर एकदाच बोलली. ‘देवाचा देणा ऱ्हवला गो.’ मी म्हटलं, दुसरा कोंबडा देऊ, मी आणते. ती म्हणाली, ‘हातचो म्हणान बोललंय. विकतचो कसो देऊ?’

पुन्हा तो विषय निघाला नाही. जॉबर मात्र राहिला.

* * *

आता पाय.

एक दिवस जॉबरच्या नळीवरचे खवले मला उचललेले दिसले. जुन्या भिंतीला पोपडे येतात तसे, आणि त्यांच्या खाली पांढरा चुरा. तो मधूनच उजवा पाय वर धरायचा आणि विसरल्यासारखा तसाच उभा राहायचा. छातीची पिसं झडून कातडी लाल दिसायला लागली होती.

आमच्या मजल्यावर काहीही झालं तरी पहिले येतात ते गावडेकाका. शेजारच्याच खोलीत राहतात, चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. जॉबरकडे बघून गेली आठ वर्षं त्यांचं एकच वाक्य आहे: ‘सुमन, मसाला वाटू काय?’ गळा असा की होळीला चाळीत गाऱ्हाणं घालतात तेव्हा म्हातारा माणूस देवाला एकेक ओळ सांगतो आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं, तिथे एकट्या गावडेकाकांचं ‘होय म्हाराजा’ रस्त्यापलीकडे ऐकू जातं.

तर काका आले, हातात बाटली.

‘रॉकेल! कुठून मिळवलं ते विचारू नको. आमच्या गावात सगळे कोंबडीचे पाय ह्यात बुडवतात. एकदा बुडव, सगळे किडे खलास!’

‘आणि कातडी?’

‘कातडीला काय होतंय!’

‘काका, तुमच्या टाचांना भेगा आहेत ना? मग आधी तुम्ही बुडवा. तुम्हाला काही झालं नाही तर जॉबर.’

काका बाटली घेऊन निघून गेले. मला वाटलं, रागावले.

रागावले नव्हते. पेटले होते! दोन दिवसांनी गावडेकाकू दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘सुमन, तुझ्याकडे भाजल्यावरचं मलम असेल गो? ह्यांनी पायाला काय लावलंय ते सांगत नाहीत.’

पुढचा आठवडा काका मोजे घालून फिरत होते. तो एक आठवडा मसाल्याचं नाव नाही!

* * *

मी दादरला चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. डोळ्याला भिंग लावून दिवसभर काम. म्हटलं, एक गळालेला खवला नेऊन बघू तरी, आत आहे काय.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. खवला काचेवर ठेवला, थेंबभर तेल टाकलं, दुकानातलं सगळ्यात जाड भिंग लावलं. बराच वेळ काही नाही. मग एक ठिपका सरकला! इतका बारीक की श्वास सोडला तर हरवेल.

आमचे शेठ मागे येऊन उभे राहिले. शेठ इतके मऊ की दुकानात मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडतात.

‘सुमनबेन, आ शुं छे? जिवंत आहे?’

‘हो शेठ. कोंबड्याच्या खवल्याखाली घर करतात. डॉक्टरकडे नेणार आहे, औषध मिळेल.’

‘औषधाने काय होईल यांना?’

‘मरतील.’

शेठ अस्वस्थ झाले. ‘एका जिवासाठी एवढे जीव? त्यांचा काय गुन्हा?’

शेठच्या वडिलोपार्जित तीन चाळी आहेत गिरगावात. पागडीच्या. भाडेकरूंशी कोर्टात केसेस चालू आहेत, शेठच्या लहानपणापासून. मी भिंग न काढताच म्हटलं, ‘शेठ, गुन्हा काही नाही. फक्त दुसऱ्याच्या घरात राहतात, भाडं देत नाहीत, आणि भिंती पोखरतात.’

शेठनी खाली वाकून स्वतः भिंगातून बघितलं.

‘भाडं देत नाहीत?’

‘एक पैसा नाही.’

‘काढा बाहेर,’ शेठ म्हणाले. ‘आजच हाफ डे घ्या!’

* * *

हाफ डे घेतला. जॉबरला साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत बसवलं, मान तेवढी बाहेर, आणि प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक लॅब्रॅडॉर, दोन पर्शियन मांजरी आणि धापा टाकणारा, आजारी दिसणारा एक पग. सगळ्यांनी जॉबरकडे बघितलं. जॉबरने पगकडे बघितलं. पग मालकिणीच्या मांडीवर चढला.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘पेटचं नाव?’

‘जॉबर.’

‘ब्रीड?’

‘गावठी.’

तिने लिहिलं नाही. ‘मॅडम, इथे फक्त पेट्स बघतात.’

‘मग बघा ना. पेट म्हणजे काय, ते मला सांगा. जो नाव घेतल्यावर वळतो तो?’ मी पिशवीकडे वळून म्हटलं, ‘जॉबर!’

जॉबर वळला. मग मी लॅब्रॅडॉरच्या मालकिणीला म्हटलं, ‘तुमच्याला हाक मारून बघा हो.’ तिने तीनदा ‘ब्रूनो, ब्रूनो’ केलं. ब्रूनो काउंटरखालचं बिस्कीट शोधत होता.

मुलीने फॉर्मवर ‘गावठी’ लिहिलं.

ब्रूनोच्या मालकीणबाई मात्र छान होत्या. ‘सो क्यूट! अंडी देतो का?’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘ऑर्डरी देतो.’

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी जॉबरला टॉवेलात गुंडाळलं, चेहरा झाकला, तसा तो शांत झाला. दोन्ही पाय नीट बघितले. खवल्यांखालचे किडे वेगळे आणि तळव्याखालची काळी खपली वेगळी, हे त्यांनीच दाखवलं. लादीवर उंचावरून उड्या मारून तळव्याला जखम होते, आत पू धरतो. छातीची आग म्हणजे, उभं राहवत नाही म्हणून हा सारखा लादीवर बसतो, त्याने झालेली.

‘वय?’

‘आठ वर्षं.’

‘आठ वर्षांचा गावठी कोंबडा मी पहिल्यांदाच बघतेय. बहुतेक एवढं जगतच नाहीत.’

‘कशाने जातात?’

‘जेवणाने!’ त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘इलाज लांबेल. रोज पाय शेकायचे, ड्रेसिंग बदलायचं. म्हातारा पक्षी आहे. करायचंय?’

‘करायचंय म्हणून तर आणलाय.’

त्यांनी तळवा कापून आत धरलेल्या पुवाचा खडा काढला, पट्टी बांधली, मानेवर किड्यांच्या औषधाचे थेंब टाकले. जॉबरने हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर मात्र पगकडे बघून एकदा मान ताणली.

* * *

घरी आले तर आई दारातच. आईचं वय झालंय, गुडघे गेलेत, जिना उतरत नाही. तिने पट्टी बघितली.

‘बरो होतलो मा?’

‘होईल. वेळ लागेल, पण होईल.’

आई जॉबरच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग सहज, भाजी काय करायची ते सांगावं तशी म्हणाली, ‘बरा झाला नेलंस ता. लंगडो कोंबडो राखणदाराक चलत नाय. पाय बरे झाले काय मे म्हयन्यात धाडूया.’

माझ्या हातात मलमाची ट्यूब होती. ती तशीच राहिली.

आमच्या गावचा राखणदार खोट असलेला कोंबडा घेत नाही. पाय, पंख, डोळा, तुरा, सगळं धड लागतं. म्हणजे हा लंगडत होता तोवर वाचला होता. मी बरा केला की जाणार!

गॅलरीत गेले. जॉबर पट्टीचा पाय वर धरून एका पायावर उभा होता. बाबा उभे राहायचे तिथेच, कठड्याच्या त्याच कोपऱ्यात.

तर काय करायचं? पाय सडू द्यायचा, म्हणजे जीव वाचेल? असला हिशोब मला जमत नाही. ट्यूबचं झाकण उघडलं. मी ह्याला बरा करणार, आणि बरा करून देणारही नाही. दोन्ही करणार. कोण काय म्हणतं ते बघू!

* * *

मग सुरू झालं रोजचं शेकणं.

संध्याकाळी दुकानातून आले की गॅलरीत टब मांडायचा. कोमट पाणी, थोडा साबण. जॉबरला त्यात उभं करायचं, खवले भिजू द्यायचे, मग जुन्या मऊ टूथब्रशने हळू घासायचं. वरून खाली, खवल्यांच्या वळणाने. पोपडा ओढून काढायचा नाही, रक्त येतं. टॉवेलने टिपायचं आणि पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यायचा, म्हणजे उरलेले किडे आत गुदमरतात. तळव्याचं ड्रेसिंग वेगळं.

पहिल्या दिवशी पंखांचा मार खाल्ला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मात्र साहेब टबात उभे राहिले की डोळे मिटायचे. ब्यूटी पार्लरमध्ये बसल्यासारखे!

मजल्यावरची माणसं बघायला यायची. गावडेकाका कठड्याला टेकून म्हणायचे, ‘आता फक्त कांदा-खोबरं घाल. सूप तयारच आहे!’

मी म्हणायचे, ‘काका, मोजे काढा, तुम्हाला पण घालते.’

एक दिवस मी जॉबरचे पाय घासत होते आणि मागून फरफर आवाज आला. आई दुसरा टब ओढत आणत होती. खुर्ची घेतली, साडी गुडघ्यापर्यंत वर केली, पाय पाण्यात सोडले.

‘काय गं आई?’

‘काय म्हणजे? माझे पाय काय पाय नाय?’

त्या दिवसापासून दोन टब. शेजारी शेजारी. जॉबरचे डोळे मिटलेले, आईचेही मिटलेले. मी ब्रश घेऊन मधे. एकदा चुकून जॉबरचा ब्रश आईच्या टाचेवर फिरवला. आई डोळे न उघडता म्हणाली, ‘हो बरो आसा. हो ब्रश ठेव माका.’

मग ती जॉबरला म्हणाली, ‘तुका दुसरो घेऊक सांग तिका!’

* * *

एक गोष्ट मात्र अडली. खुर्ची.

बाबांची लाकडी आरामखुर्ची गॅलरीत आहे. बाबा गेल्यापासून तिच्यावर कोणी बसत नाही. बसतो फक्त जॉबर, रात्री, पाठीच्या वरच्या दांडीवर. डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, उंचावरची झोप बंद. सकाळी तिथून लादीवर उडी मारली की तळव्याची जखम पुन्हा फुटणार. आणि त्या दांडीच्या फटींत किडे असणार, तेव्हा ती खुर्चीच हलवा.

मी खालची बसकी फळी ठेवली, गोणपाट घातलं. जॉबर तिच्याकडे बघायचाच नाही. खुर्ची आत नेली, तर रात्रभर दारावर चोच मारत उभा.

आईला कसं विचारायचं? त्या खुर्चीवरची धूळही ती स्वतः पुसते, मला पुसू देत नाही.

दोनदा जखम फुटली. दुसऱ्यांदा मी पट्टी बांधत होते आणि आईने गावडेकाकांना हाक मारली. ‘भाऊ, करवत आसा काय?’

काका करवत घेऊन आले. चेहरा उजळलेला! ‘काय, ठरलं? पण करवत कशाला, सुरी पुरे!’

‘खुर्चेचे पाय काप.’

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मी म्हटलं, ‘आई, बाबांची खुर्ची आहे.’

‘म्हायत आसा माका. पण तेंका खय आता बसूचा हा!’ आई म्हणाली. ‘हेका बसूचा हा. काप!’

काकांनी चारी पाय कापले. मी दांडी उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, वर जुनी सतरंजी शिवली. आरामखुर्ची आता इतकी बसकी झाली की जॉबर चालत चालत तिच्यावर चढायचा. त्यानंतर जखम फुटली नाही.

काका कापलेले पाय हातात घेऊन उभे होते. मग म्हणाले, ‘सुमन, आमच्या घरात माझ्या खुर्चीला कोणी हात लावायचा नाही हां, मी गेल्यावर. आत्ताच सांगून ठेवतो!’

* * *

आजारपणात जॉबर आरवायचा बंद झाला होता. समोरच्या नव्या टॉवरमधल्या एका साहेबांनी मागे त्याच्या आरवण्याबद्दल आमच्या कमिटीकडे तक्रार केली होती. गावडेकाकांनी ती मला वाचून दाखवली होती, चवीचवीने.

एका सकाळी त्या टॉवरचा वॉचमन आमच्या दारात. ‘दीदी, वो मुर्गा किधर है? बीसवें माले के साहब पूछ रहे हैं.’

‘साहेबांना सांग, आता ओरडत नाही. खूश?’

‘वोही तो! साहब दो बार ऑफिस लेट हुए. पूछ रहे हैं, फिर से कब चालू होगा?’

मी म्हटलं, ‘साहेबांना सांग, तक्रार लेखी केली होतीत, तर विनंतीही लेखी करा!’

लेखी काही आलं नाही. एक डझन केळी आली. जॉबरला केळं आवडतं.

आणि मग गेल्या आठवड्यात, पहाट व्हायला लागली होती, मी पाणी भरत होते, आणि गॅलरीतून आवाज आला. आधी घशात काही अडकल्यासारखा. मग पूर्ण. एकदम खणखणीत! मी कळशी तशीच टाकून धावले. जॉबर दोन्ही पायांवर उभा होता, मान ताणून. तिसरा मजला दारात आला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. समोर विसाव्या मजल्यावर दिवा लागला!

आईही दारात आली होती. तिने सगळं बघितलं. मग आत गेली, फोन घेतला आणि गावी दाजीकाकांना लावला.

‘दाजी, कोंबडो बरो झालो.’

* * *

दाजीकाका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. गावात राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. भाच्याच्या लग्नासाठी ते मुंबईत आले होते. मे महिन्यापर्यंत थांबायचं कशाला, म्हणाले, आजच परळहून संध्याकाळच्या बसने परत जातोय, कोंबडा बरोबर नेतो.

चारला आले. बरोबर रिकामी पिशवी. आईने देवासमोरचा नारळ आणि पानविडा ताटात काढून ठेवला होता. गॅलरीत मजल्यावरची माणसं जमली होती. गावडेकाका सगळ्यात पुढे.

दाजीकाकांनी जॉबरला काखेत धरलं. तुरा बघितला. डोळे बघितले. पंख उघडून बघितले. मग पाय. एकेक बोट वेगळं करून, तळवा उजेडाकडे धरून, अंगठ्याने खवले दाबून बघितले. मी रोज जेली लावत होते, खवले पितळेसारखे चमकत होते.

‘आठ वर्सांचो कोंबडो आणि असे पाय?’ दाजीकाका म्हणाले. ‘वयनी, निखोट आसा!’

मी पुढे झाले.

‘काका,’ मी म्हटलं, ‘कोंबडा द्यायचा नाही.’

दाजीकाकांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

‘काय खुळा लागला काय तुका?’ आई म्हणाली. ‘नवस माझो आसा.’

‘नवस तुझा आहे. पाय मी बरे केलेत. बाबांनी सांगितलं होतं पुढच्या मे महिन्यात. दर वर्षी सांगितलं. आठ वर्षांत मे महिना आला नाही, तो ह्या जानेवारीत कुठून आला? देवाला राग आला तर माझ्यावर येऊ दे. माझं नाव सांगा त्याला, पत्ता सांगा. लालबाग, तिसरा मजला. मी इथेच आहे!’

दाजीकाका म्हणाले, ‘बाय, तुझा माझा काम नाय ह्या. देवाचा आसा. गाऱ्हाना घालतंय आणि नेतंय. बस चुकात.’

जॉबरला त्यांनी बाबांच्या खुर्चीवर ठेवलं, ताट समोर घेतलं, हात जोडले. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत.

‘बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान, आपल्या घोवाक पायावर उभो कर म्हणान, तुका नवस बोललो व्हतो म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ सगळे म्हणाले. गावडेकाकांचा आवाज सगळ्यांच्या वर.

‘तू तेका उभो केलंस म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

‘तो नवस फेडूक ह्यो कोंबडो आज मिया तुझ्या पायाकडे घेऊन जातंय म्हाराजा!’

गॅलरीत आवाज नाही.

दाजीकाकांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणाले, मोठ्याने. ‘ह्यो कोंबडो तुझ्या पायाकडे घेऊन जातंय म्हाराजा!’

मी गावडेकाकांकडे बघितलं. काका कठड्याबाहेर टॉवरकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. काकू खाली लादीकडे बघत होत्या. सगळा मजला हात जोडून उभा, आणि एक शब्द नाही.

दाजीकाका आईकडे वळले. ‘वयनी, होय म्हणा. तुमी म्हटल्याबिगर फुडची ओळ माका घालूक येवची नाय.’

आई जॉबरकडे बघत होती. कापलेल्या पायांची ती खुर्ची, तिच्या दांडीवर तो, एक डोळा दाजीकाकांवर.

आई बोलली नाही.

खाली रस्त्यावर बस हॉर्न देत गेली. दाजीकाकांनी ताटातला नारळ उचलला, हातात जोखला, डोळे मिटले.

‘बा देवा राखणदारा म्हाराजा! म्हातारेचे गुडघे चलनत नाय. तिका तुझ्याकडे येवक जमणा नाय. म्हणान तिना हयसूनच तुका हो नारळ ठेयलो हा, तो गोड मानून घे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ गावडेकाका असे ओरडले की समोरच्या टॉवरच्या परांचीवरची कबुतरं उडाली.

‘काय चुकला माकला आसात, ता पदरात घे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

दाजीकाका थांबले. एक डोळा उघडून त्यांनी खुर्चीकडे बघितलं.

‘आणि ह्यो जो काय तुझो कोंबडो हय ऱ्हवलेलो आसा, तेका म्हातारपणी चलतो ठेव म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

हा आवाज आईचा होता. एकटीचा, आणि सगळ्यांच्या आधी.

नारळ उंबऱ्यावर फोडला. एक भकल दाजीकाकांनी राखणदारासाठी पिशवीत घातलं, दुसऱ्याचे तुकडे मजल्यावर वाटले. एक तुकडा जॉबरने खाल्ला. दाजीकाका सातच्या बसने गावी गेले. उजव्या तळव्याची जखम बंद, दोन्ही नळ्या साफ, छातीवर नवी पिसं. संध्याकाळी दोन्ही टब मांडले.